शाळेतला संगीत-आठवडा : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर आली की माझ्या फोनवर तेच प्रश्न परत यायला लागतात. काही मराठीत, काही गुजरातीत, पुष्कळसे दोन्हींची खिचडी करून. गेल्या काही वर्षांतले निरोप चाळून हे पान तयार केलंय. मी बडोद्यातल्या एका शाळेत बालवाटिका ते पाचवीला संगीत शिकवते. मराठी पालक मला बाई म्हणतात, गुजराती पालक बेन म्हणतात, आणि एक आजोबा मास्तरीण म्हणतात. तिन्ही हाकांना ओ देते. तेवढं निरोप पाठवण्याआधी एकदा इथे शोधून बघा.

१. संगीत-आठवडा म्हणजे गॅदरिंगच ना?

नाही. गॅदरिंग जानेवारीत असतं. त्याचे कपडे वेगळे, त्याची भांडणंही वेगळी. संगीत-आठवडा म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातले सोमवार ते शनिवार असे सहा दिवस. त्यात शाळेतलं प्रत्येक मूल गातं, वाजवतं आणि ऐकतं. निवडलेली पंधरा मुलं पुढे आणि बाकीची सतरंजीवर टाळ्या वाजवायला, असं इथे चालत नाही.

२. रोज किती वेळ? अभ्यास बुडणार का?

मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास, म्हणजे सगळे मिळून सत्तर मिनिटं. शनिवारी शाळा अर्धाच दिवस, त्यामुळे साडेनऊ ते अकरा. गणित आणि भाषा सकाळीच होऊन जातात. बुडतात ते चित्रकला आणि पीटीचे तास, आणि ते दोन शिक्षक आठवडाभर माझ्याशी जेमतेम बोलतात.

३. रोज नेमकं काय करून घेता?

सोमवारी फक्त ऐकायचं. मैदानावर डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि मग कानावर काय काय आलं ते सांगायचं : रिक्षा, कबुतरं, शेजारच्या बिल्डिंगमधला कुकर, भंगारवाला. दुसरीतल्या एका मुलाने यादीत लिहिलं होतं, ‘पंख्याचा आवाज. पंखा बंद झाल्याचा आवाज.’ अशा कानाला शिकवायला फारसं काही उरत नाही.

मंगळवार तालाचा. सहा मात्रांचा (म्हणजे ठोक्यांचा) दादरा आणि आठ मात्रांचा केरवा आधी अंगावर येतो : पाय, मांडी, टाळी, चुटकी. बोल नंतर. सहा मात्रा तीन-तीनच्या झोक्याने चालतात, म्हणून मुलं आपोआप डुलायला लागतात. गरब्यातला हींच हा तालसुद्धा सहाचाच, त्यामुळे दादरा इथल्या मुलांच्या पायांत आधीपासूनच असतो, फक्त नाव माहीत नसतं.

बुधवारी वाट्या-बाटल्या (प्रश्न ४). चौथी-पाचवीची मुलं त्याच दिवशी सूरसागर तलावापर्यंत पायी फेरी मारून येतात (प्रश्न १४). गुरुवारी स्वर आणि गाणी. शुक्रवार आजी-आजोबांचा (प्रश्न २२). शनिवारी खुला वर्ग, आणि त्यात तुम्हीही गायचंय. पळवाट नाही.

४. काय आणायचं? पैसे किती?

पैसे नाहीत. बुधवारी स्टीलची एक वाटी आणि अरुंद तोंडाची रिकामी काचेची बाटली पाठवा. पहिली-दुसरीसाठी फक्त वाटी, त्यांच्या बाटल्या आम्ही देतो. आदल्या रात्री दुकानातून नवी आणू नका. घरात वापरून पोचे पडलेली वाटीच जास्त मजेदार वाजते.

वाटीत पाणी वाढवत चमच्याने वाजवलं की सूर उतरत जातो, कारण थरथरणाऱ्या वाटीच्या अंगावर पाण्याचं ओझं वाढतं. आता बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा आणि पाणी वाढवत जा : सूर चढतो. कारण इथे थरथरते ती आतली हवा, आणि पाणी वाढलं की हवेची जागा कमी होते. मग तीच बाटली फुंकायच्या ऐवजी चमच्याने वाजवा : पाणी वाढलं की सूर परत उतरतो! इथे वर्गात हमखास दोन पक्ष पडतात आणि भांडण जुंपतं. मी मध्ये पडत नाही. घरी आधी सांगून टाकू नका, एवढंच.

५. शेवटी कार्यक्रम का ठेवत नाही? आम्हाला मुलाला स्टेजवर बघायचं असतं.

पहिल्या वर्षी ठेवला होता. शनिवारी स्टेज, माईक, तोरणं, पाहुणे, सगळं. त्यासाठी सोमवारपासून एकच गाणं घोकून घेतलं. कोणी कुठे उभं राहायचं, हात कधी वर करायचे, पाहुणे आले की कुठल्या ओळीला हसायचं, हेसुद्धा. कार्यक्रम झकास झाला, सगळ्यांनी कौतुक केलं. सामान आवरत असताना दुसरीतली एक मुलगी जवळ आली आणि विचारलं, ‘बाई, आता गाणं कधी?’

तिच्या लेखी त्या आठवड्यात गाणं झालंच नव्हतं, आणि तिचं बरोबर होतं. पुढच्या वर्षीपासून स्टेज बंद केलं. आता शनिवारच्या खुल्या वर्गात पालक मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसतात. मुलं सहा दिवसांत जे करत होती तेच करतात, तुमच्यासकट. चुकतात, थांबतात, परत सुरू करतात. बघायला कदाचित कमी छान असेल. तरी यात बदल होणार नाही.

६. बक्षीस, प्रमाणपत्र किंवा मार्क?

तिन्ही नाहीत. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

७. माझा मुलगा बेसूर आहे. त्याला यात घालू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा मुलाचा हात धरून, त्याच्यासमोरच विचारला जातो. तेव्हा आधी एक विनंती : हे त्याच्यासमोर बोलू नका. सहा वर्षांचं मूल ‘बेसूर’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतं आणि पुढे जन्मभर लक्षात ठेवतं.

आता उत्तर. या वयातल्या पुष्कळ मुलांना बोलायचा आवाज वेगळा आणि गायचा आवाज वेगळा, हे अजून सापडलेलंच नसतं. ती गाण्याचे शब्द बोलण्याच्याच आवाजात, जागच्या जागी म्हणत राहतात. कानात दोष नसतो. फोनवर आई बोलतेय की मावशी हे तो पहिल्याच ‘हॅलो’ला ओळखतो ना? मग त्याला आवाजातला फरक कळतो. हरवलाय तो गळ्याचा रस्ता.

तो सापडायला मी पतंग उडवते. हात वर जाईल तसा आवाज वर, ढील दिली की लांबत जाणारा, खेचला की झटकन चढणारा, कटला की गिरक्या घेत खाली. बडोद्यातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. आवाज असा वरखाली फिरायला लागला, की त्या फिरण्यात तो ज्या सुरावर थांबेल तोच सूर मी गाते. त्याला माझ्या सुरावर ओढत नाही, मी त्याच्या सुरावर जाते. दोन आवाज जुळले की मुलाचा चेहरा बदलतो, कारण बहुतेक वेळा ते पहिल्यांदाच घडत असतं. मग तिथून एक पायरी वर, एक पायरी खाली.

कुणाला हे आठवड्यात जमतं, कुणाला वर्ष लागतं. सुरांतला फरक खरोखरच न कळणारी माणसं असतात, पण फार थोडी. आणि त्यांचाही ताल पुष्कळदा पक्का असतो. ‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य आमच्या वर्गात कुणी उच्चारत नाही. बऱ्याच मुलांचा सूर बिघडलेला वाटतो त्याचं आणखी एक कारण म्हणजे चुकीची पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर गाणं धरलंय ती. त्याबद्दल प्रश्न १० बघा.

८. आमच्या घरात कुणालाच गाता येत नाही. मुलीला कुठून येणार?

नळाखाली बादली भरताना तिचा आवाज चढत जातो, तो ऐकून बादली भरली हे तुम्हाला स्वयंपाकघरातून कळतं. तेवढा कान पुरेसा आहे. घरी गुणगुणत जा, चुकत चुकत का होईना. मुलं सूर नंतर उचलतात, आधी गुणगुणण्याची सवय उचलतात.

९. मुलगी दोन वर्षं गाण्याच्या क्लासला जाते, परीक्षाही देते. तिला हे बालिश वाटेल का?

पहिल्या दिवशी वाटतं. अलंकार (स्वरांचे पाठ) तोंडपाठ असतात, म्हणून ती उत्तरं भराभर देते. बुधवारी वाटीत पाणी ओतून नेमका गंधार, म्हणजे ग, आणायचा असतो, आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही. अशा मुलांना मी पुढे उभं करत नाही. नुकतं गायला लागलेल्या मुलाच्या शेजारी बसवते आणि त्याच्या पट्टीत गायला सांगते. स्वतःची पट्टी सोडून दुसऱ्याच्या सुरात मिसळणं मोठ्यांनाही सोपं जात नाही.

१०. यूट्यूबवर करओके लावून घरी तयारी करून घेऊ का?

नको. वाईट वाटून घेऊ नका, कारण सांगते. पुरुष साधारण पेटीवरच्या काळी एक-दोनच्या आसपास षड्ज, म्हणजे सा, धरतात, बायका काळी चार-पाचच्या. करओकेचा ट्रॅक अशाच कुठल्यातरी मोठ्या माणसाच्या गळ्याला बेतलेला असतो. लहान मुलांना मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा दोन षड्ज धरून तिथून वरचे पाच-सहा सूर सोयीचे पडतात. खाली गेलं की ती गुरगुरतात, फार वर गेलं की ओरडतात. ट्रॅकवर गाताना मुखडा गुरगुरत आणि अंतरा ओरडत होतो, आणि तुम्ही मला प्रश्न ७ पाठवता.

शिवाय ट्रॅक थांबत नाही. मुलाचा श्वास संपला, शब्द विसरला, तरी तो पुढेच जातो. घरी करायचंच असेल तर मुलाला आधी आपणहून सुरुवात करू द्या. ते ज्या सुरावर उभं राहील तिथे तुम्ही जा. बाबांचा आवाज फार खाली जात असेल तर आजीने गावं.

११. वर्गात पेटी का नाही? नुसता तंबोरा मुलांना कंटाळवाणा होत नाही का?

पेटी आहे, पण गुरुवारपर्यंत झाकलेली. पेटी वाजली की मुलं तिच्यावर रेलतात : पुढचा सूर ती देणारच असते, मग कान कशाला ताणायचा? तंबोरा षड्ज-पंचमाची, म्हणजे सा आणि प यांची, नुसती जागा करून देतो, वाट आपली आपण काढायची.

कंटाळ्याचं म्हणाल, तर तारेखाली घोडीवर (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) जवारीचा दोरा असतो तो एकदा सरकवून दाखवते. एका जागी तार नुसती टणटणते, केसभर सरकवला की तीच तार गुंजायला लागते. पाचवीतली मुलंसुद्धा रांग लावून ‘परत दाखवा’ म्हणतात. माझा तंबोरा मिरजेचा आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खाली भोपळा आहे, खरा, वेलीवरचा, हे बालवाटिकेला कितीही वेळा सांगितलं तरी पटत नाही.

फोनवरचा तंबोरा घरी चालेल. पण फोन लांब ठेवा, नाहीतर मूल कानापेक्षा डोळा जास्त वापरतं.

१२. गाणी मराठी असतात की गुजराती? आणि गरबा इतका कमी का?

दहा गाणी : चार मराठी, चार गुजराती, दोन हिंदी. ‘गुजराती फार झालं’ आणि ‘मराठी फार झालं’ या तक्रारी दरवर्षी साधारण सारख्याच येतात. तोवर माझं बरं चाललंय असं मी समजते. उच्चारांची काळजी करू नका. मराठी ‘ळ’ गुजराती मुलांना आरामात येतो, त्यांच्याकडे तो आहेच. अडचण ‘च’ आणि ‘ज’ची होते, कारण ‘चार’चा आणि ‘चमचा’तला वेगळा, हे ऐकूनच शिकावं लागतं.

गरब्याला एकच तास आहे, कारण बडोद्यातलं मूल चालायला लागल्यावर दुसऱ्याच नवरात्रात गरबा करतं. त्याला तो मी काय शिकवणार? त्या तासात आम्ही उलटं करतो : बे ताळी आणि त्रण ताळी (दोन आणि तीन टाळ्यांचा गरबा) इतकी सावकाश घेतो की टाळी कुठल्या मात्रेवर पडते ते मोजता यावं. वेगात सगळे सराईत वाटतात, सावकाश घेतलं की कोण अंदाजाने चाललंय ते कळतं.

त्याच तासाला भोंडलाही घेतो, शेजारी शेजारी. एकीकडे मधोमध छिद्रांचा मातीचा घडा, आत दिवा. दुसरीकडे मधोमध पाटावर काढलेला हत्ती. ऋतू तोच, दिवस तेच, फेर तोच. गरब्याला डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. भोंडल्याला मात्र खिरापत मिळते, आणि मुलांच्या मते यात भोंडलाच जिंकतो. खिरापत ओळखायचा भाग गुजराती मुलांना इतका आवडलाय की एका घरी गरब्यानंतरचा प्रसादसुद्धा ओळखल्याशिवाय वाटत नाहीत, असं ऐकलंय.

१३. सिनेमाची गाणी चालतील? शनिवारी डीजे आणला तर?

सिनेमाचं गाणं मूल आपणहून गायला लागलं तर थांबवत नाही, पण यादीत ठेवत नाही. पट्टीचं कारण प्रश्न १० मध्ये आहे. डीजे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. तिथली शांतता आपणच मोडायची का? शिवाय सोमवारपासून पंखा बंद झाल्याचा आवाज ऐकणारे कान शनिवारी बधिर करायचे, हे मला पटत नाही.

१४. बडोद्याला संगीताची परंपरा आहे म्हणतात. मुलांना त्यातलं काही सांगता का?

सांगते, पण सनावळी म्हणून नाही. बुधवारी चौथी-पाचवीला घेऊन आम्ही सूरसागरकाठी जातो आणि एका इमारतीकडे बोट दाखवतो. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. तिचं मूळ बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये काढलेल्या गायनशाळेत आहे. आत वर्ग चालू असतात, म्हणून आम्ही बाहेरच उभं राहून जे ऐकू येईल ते ऐकतो. एकदा एकच तान कुणीतरी सतत चुकवत होतं. मुलं फाटकापाशी वीस मिनिटं हलायला तयार नव्हती. कॉलेजातली मोठी माणसंही चुकतात, हा शोध त्यांना सूरसागरातल्या महादेवाच्या मूर्तीपेक्षा मोठा वाटला.

गायनशाळेचे पहिले गुरुजी मौलाबक्ष. उत्तरेचं गाणं आणि दक्षिणेचं गाणं दोन्ही जाणणारे. गाणं सहसा घराण्याचा उंबरा ओलांडत नव्हतं त्या काळात त्यांनी ते वर्गात आणलं, आणि ते लिहून ठेवायची स्वतःची पद्धत बसवली. त्यांचे नातू इनायत खाँ १८८२ मध्ये इथेच जन्मले आणि १९१० मध्ये आपलं संगीत घेऊन पश्चिमेला गेले. पुढे १९१६ मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यात. दरबारगायक फैयाज खाँ १९५० मध्ये वारले ते याच शहरात.

मुलांना यातलं सगळ्यात काय आवडतं? गायिका हिराबाई बडोदेकरांचं आडनाव. जन्म मिरजेचा, वडील अब्दुल करीम खाँ बडोदा दरबारात होते, आणि आडनाव आपल्या गावाचं. त्यानंतर दोन दिवस वर्गात सगळेजण आपापली आडनावं पाडतात : मांडवीकर, रावपुरेकर, दांडियाबाजारकर. गुजराती मुलंसुद्धा.

एक गोष्ट मोठ्यांसाठी. याच महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गाण्याची शाळा त्याच्या वीस वर्षं आधीची आहे. संगीताने अभ्यास बुडतो का (प्रश्न २) असं कुणी विचारलं की मला हे दोन आकडे आठवतात.

१५. गाण्यांत भजनं असतील तर? आमच्या घरी चालत नाही.

गाण्यांची यादी आदल्या शनिवारी डायरीत येते. बहुतेक गाणी पाऊस, आकडे, प्राणी, बैलगाडी यांची आहेत. एक अभंगाच्या चालीचं आहे, एक कबीराचं. कुठल्या गाण्याला हरकत असेल तर डायरीत एक ओळ लिहा, कारण लिहायची गरज नाही. मुलाला वर्गाबाहेर काढत नाही. त्या गाण्यापुरतं ते तंबोऱ्यापाशी बसतं. या कामासाठी इतकी मुलं मागे लागतात की त्याला कुणी शिक्षा समजत नाही.

१६. आम्ही जैन आहोत. तबल्याला चामडं असतं. मुलगी हात लावणार नाही.

नको लावू दे. तबल्याची पुडी बकऱ्याच्या चामड्याची असते, ती ताणून धरणाऱ्या वाद्याही (पट्ट्या) चामड्याच्या. त्याला पर्याय नाही असं म्हणणं खोटं ठरेल. वर्गात टाळ, मंजिरा, वाट्या आहेत, आणि बडोद्याचं हक्काचं माण आहे : तांब्याचा मोठा घडा, बोटांत अंगठ्या घालून वाजवायचा. सतराव्या शतकातले इथले कवी प्रेमानंद आपली आख्यानं माण वाजवत सांगायचे, आणि असं सांगणाऱ्यांना माणभट्टच म्हणतात. आमच्या वर्गात एक जुना तांब्याचा हंडा आहे आणि अंगठ्या पितळी, भाजीबाजारामागच्या भांडीवाल्याकडून केलेल्या. त्याच्यापुढे तबला ओस पडतो.

१७. मुलगा डावखुरा आहे. तबला उजव्या हातानेच वाजवायला लावता का?

नाही. तबला डावीकडे आणि डग्गा उजवीकडे ठेवला की झालं.

१८. आठवड्याच्या मध्येच आवाज बसला तर?

दोन दिवस गाऊ नये, ओरडू तर अजिबात नये. कुजबुजूनही बोलू नये, कारण त्याने गळा उलट ताणतो. हळू आवाजात थोडं बोललेलं चालतं. पाणी वरचेवर. खडीसाखर, ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं. आदल्या संध्याकाळची तिखटजाळ सेव-उसळ आठवडाभर टळली तर उत्तम, पण बडोद्यात हे कुणाला सांगायचं? शाळेत या, वाजवायला भरपूर आहे. घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. ‘वयात येतोय’ हे कारण प्राथमिक शाळेत सहसा लागू नसतं.

१९. मुलगी बोलताना अडखळते. गाताना मुलं हसतील का?

गाताना अडखळणं बहुतेक जणांत जवळपास नाहीसं होतं, त्यामुळे ती वेळ सहसा येत नाही. पण मी त्याचा उपचार म्हणून वापर करत नाही, आणि ‘बघा, गाताना कशी अडखळत नाही’ असं वर्गात कुणाला म्हणू देत नाही. वाचा-उपचार चालू असतील तर ते तसेच चालू ठेवा.

२०. मुलाला कानाचं मशीन आहे. त्याने काय करायचं?

सगळं. पण आठवड्याआधी मला दहा मिनिटं भेटा. कॉक्लिअर इम्प्लान्ट (शस्त्रक्रियेने बसवलेलं कानाचं यंत्र) असलेल्या मुलांना लय छान पकडता येते, सुरांतला उंच-खाली फरक कळायला कठीण जातो. म्हणून मंगळवार त्यांचा असतो. डग्ग्याजवळ लाकडी पाटावर बसवलं आणि हातात फुगवलेला फुगा दिला की ठोका तळहाताला लागतो. हा फुगा मग सगळ्यांनाच हवा असतो, तेव्हा चाळीस फुगे आणते. वाट्यांच्या दिवशी मशीनचा आवाज कमी करायचा का, हे तुमच्या ऑडिओलॉजिस्टना विचारून कळवा.

२१. गोंगाट झाला की मुलगा कान झाकून रडतो. आठवडाभर घरी ठेवू?

आधी सोमवारी पाठवून बघा, तो दिवस शांततेचा असतो. पुढच्या दिवसांसाठी दाराजवळची जागा, कान झाकायचे मफ, आणि नको झालं की लायब्ररीत जाऊन बसायची मुभा. ती न विचारता घ्यायची, फक्त दारावरची लाल चकती उलटी करून जायचं. बुधवारचा वाट्यांचा पहिला अर्धा तास मलाही सहन होत नाही. त्या वेळेपुरता तो बाहेर बसला तर मी त्याला दोष देणार नाही.

२२. आजी येऊ शकतात का? त्यांना गाता येत नाही, फक्त ओव्या म्हणतात.

‘फक्त’ खोडून टाका आणि त्यांना शुक्रवारी साडेदहाला पाठवा. जात्यावरच्या ओव्या, अंगाई, गुजराती हालरडां (त्यांची अंगाईगीतं), भाकरी थापतानाची गुणगुण, सगळं चालतं. पाठ नसेल तर अर्धवट चालेल. एका आजींना दुसरी ओळ आठवेना, तेव्हा समोरच्या गुजराती बांनी (आजींनी) आपल्या हालरडातली ओळ त्याच चालीत घातली. दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

वर्ग तळमजल्यावर आहे, खुर्च्या असतात. आजोबांनाही बोलावणं आहे. ते येतात, ‘मला काही येत नाही’ म्हणतात, आणि मग नाट्यपद सुरू करतात. त्यांना थांबवायचं काम माझं.

२३. माळ्यावर पणजोबांची पेटी / दिलरुबा / तंबोरा आहे. मुलाबरोबर पाठवू का?

मुलाबरोबर नको. स्वतः घेऊन या, वाजवून किंवा नुसतं दाखवून परत न्या. बंद पडलेली पेटीही चालेल. भाता उघडून आतले रीड दाखवता येतात, आणि चालू पेटी उघडायला मालक तयार नसतात. माळ्यावरचं वाद्य काढल्या काढल्या सूर चढवू नका. जुन्या तारा तुटतात आणि तुटलेली तार चेहऱ्याला लागते.

२४. शूटिंग करू का?

सोमवार ते शुक्रवार नाही. शनिवारी शेवटची दहा मिनिटं फक्त आपल्या मुलाचं, आणि दुसरं मूल दिसत असेल तर त्या पालकांना विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका. फोन हातात धरून टाळी देता येत नाही. बाकी तुम्ही बघा.

२५. एखादा दिवस बुडला तर?

बुडला. दुसऱ्या दिवशी या, काही अडत नाही. लग्नासाठी पूर्ण आठवडा गावाला जात असाल तर तिथल्या वरातीतला ताल सहाचा की आठचा, एवढं मोजून यायला सांगा.

२६. बुधवारी पाठवलेली वाटी परत कधी मिळणार?

शनिवारी अकराला, वर्गाबाहेरच्या टेबलावर. ओळखून न्यायची जबाबदारी तुमची. तळाला चिकटपट्टी लावून नाव लिहा, पेनाने लिहिलेलं पाण्यात जातं. मागच्या वर्षीच्या दोन वाट्या अजून माझ्या कपाटात आहेत. एकीवर लग्नाची तारीख कोरलेली आहे, त्यामुळे कुणीतरी नक्की शोधत असणार. दुसरीवर काहीच नाही, पण अर्धी भरली की तिच्यातून अगदी नेमका मध्यम, म्हणजे म, निघतो. तिचा मालक जरा उशिरा सापडला तरी माझी हरकत नाही.